छेदांतलें शून्य

कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यांतील हुपरी हें गांव चांदीच्या दागिन्यांसाठीं महाराष्ट्रांत आणि महाराष्ट्राबाहेरही ओळखलें जातें. पैंजण, तोरड्या, जोडवीं, करदोडे असे नाना प्रकार तेथील घरोघरच्या कारागिरांच्या हातांतून बाहेर पडतात. या सगळ्या नाजूक कामाचा आरंभ मात्र विस्तवावर, मुशींत होतो. चांदी आटते, तिच्यांत कमीअधिक तांबें मिसळलेलें असतें, आणि रस थिजून लगड तयार झाली कीं तिच्याविषयीं पहिला प्रश्न विचारला जातो तो टंचाचा. शंभर भागांत शुद्ध चांदीचे भाग किती, हा तो प्रश्न. घडणावळ कितीही सुबक असो, मालाची किंमत शेवटीं टंचाला धरून राहते.

एखाद्याजवळ सत्तर टंचाची साठ तोळे चांदी आहे असें समजावें. तींत शुद्ध चांदी घालून तिचा टंच ऐंशीवर आणावयाचा आहे. शुद्ध चांदी किती घालावी? हिशेब अवघड नाहीं. जो टंच हवा त्यांतून जो आहे तो वजा करावा. येथें दहा उरतात. शंभरांतून हवा असलेला टंच वजा करावा. येथें वीस उरतात. साठांस दहांनीं गुणून विसांनीं भागलें कीं तीस येतात. तीस तोळे शुद्ध चांदी घातली म्हणजे एकूण नव्वद तोळ्यांत बहात्तर तोळे शुद्ध होते, आणि नव्वदांस बहात्तर म्हणजे बरोबर शेंकडा ऐंशी.

आतां हवा असलेला टंच वाढवीत जावें. नव्वद टंचासाठीं १२० तोळे शुद्ध चांदी लागते, पंचाण्णवासाठीं ३०० तोळे, आणि नव्व्याण्णवासाठीं १,७४० तोळे. मूळची लगड तीच साठ तोळ्यांची. पण मागणी एकेका अंशानें चढतांच लागणारी चांदी कशी भडकत जाते तें पाहण्यासारखें आहे. आणि कोणी शंभर टंच मागितला तर? अंशस्थानीं साठ गुणिले तीस, म्हणजे अठराशें. छेदस्थानीं शंभर उणे शंभर, म्हणजे शून्य. हिशेब येथें थांबतो. तो थांबतो याचें कारण गणिताचा कांहीं हट्ट आहे असें नव्हे. ज्या रसांत एकदां तांबें मिसळलें, तो रस वरून कितीही शुद्ध चांदी ओतली तरी निर्मळ होत नाहीं, ही साधी वस्तुस्थिति त्या शून्यानें सांगितली आहे. तांबें काढून टाकावयाचें तर चांदी गाळावी लागते. ती क्रियाच वेगळी, आणि तिचा हिशेबही वेगळा.

हा हिशेब फार जुना आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त सुवर्णगणित नांवाचें एक प्रकरण आहे. तेथें शुद्धता शेंकड्यांत न मोजतां वर्णांत मोजली आहे, आणि सोळा वर्णांचें सोनें उत्तम. सोळा वर्णांचें आणि दहा वर्णांचें अशीं दोन सोनीं मिसळून बारा वर्णांचें सोनें झालें, तर प्रत्येक किती होतें, असें एक उदाहरण त्यांत घातलें आहे. रीति हीच: साध्य वर्ण आणि हलका वर्ण यांचें अंतर दोन, उंची वर्ण आणि साध्य वर्ण यांचें अंतर चार, म्हणून उंची सोनें दोन भाग आणि हलकें चार भाग. आजच्या भाषेंत हें एक परिमेय पद आहे. अक्षरें असलेला एक अपूर्णांक. अक्षरांच्या जागीं अंक घातले कीं उत्तर निघतें. मात्र छेद शून्य करणारे अंक वर्ज्य. शाळेंतील बीजगणिताच्या पुस्तकांत प्रत्येक सोपविलेल्या पदाशेजारीं 'क्ष बरोबर तीन नसावा' अशी जी बारीक टीप असते, ती हीच. मुलें ती बहुधा परीक्षकाच्या भयानें लिहितात. परंतु त्या टिपेच्या मागें हजार-बाराशें वर्षांचा विचार उभा आहे, आणि त्यांतील एक मोठा अध्याय सह्याद्रीच्या पायथ्याशीं लिहिला गेला.

शून्यावर बेरीज-वजाबाकी-गुणाकार यांचे नियम प्रथम पद्धतशीरपणें मांडले ते ब्रह्मगुप्तानें. भिल्लमाल येथें शके ५५०, म्हणजे इसवी सन ६२८ मध्यें, वयाच्या तिसाव्या वर्षीं त्यानें 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' रचला. गुणाकारापर्यंत सर्व निर्वेध चाललें; भागाकारापाशीं मात्र अडखळलें. शून्यास शून्यानें भागलें तर शून्य, असें त्यानें सांगितलें. आणि दुसऱ्या एखाद्या राशीस शून्यानें भागलें तर ती राशि 'शून्य छेद असलेली' म्हणून तशीच ठेवावी, एवढेंच म्हणून तो पुढें गेला. पहिलें विधान चुकीचें आहे. दुसरें चूकही नाहीं आणि उत्तरही नाहीं. पण न कळणाऱ्या गोष्टीला तिच्या जागीं राहूं देणें हा गणितांतला लहान गुण नव्हे. सुमारें ८५० मध्यें राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळांत महावीराचार्यानें 'गणितसारसंग्रह' लिहिला. त्याच्या मतें शून्यानें भागलेली राशि जशीच्या तशी राहते. वांटून घेणारा कोणीच नाहीं, मग रास हलणार कशी, असा कांहीं विचार त्याच्या मनांत असावा. व्यवहाराला तो पटतो, परंतु भागाकाराची गुणाकारानें पडताळणी घेतांच ढासळतो: दहांस शून्यानें भागून दहा आले, तर दहांस शून्यानें गुणून पुन्हां दहा यावयास हवेत, आणि तसे ते येत नाहींत.

यानंतर आले भास्कराचार्य. त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४ मधला. सह्याद्रीच्या कुशींतील विज्जडविड हें आपलें गांव असल्याचें त्यांनीं स्वतःच नमूद केलें आहे, आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, शके १०७२ मध्यें, 'सिद्धान्तशिरोमणि' पुरा केला. शून्यानें भागलेल्या राशीला त्यांनीं 'खहर' असें नांव दिलें. ख म्हणजे शून्य, तें ज्याचा हर आहे तो खहर. ही राशि अनंत आहे, तींत कितीही मिळविलें वा तींतून कितीही काढलें तरी ती बदलत नाहीं, असें सांगून बीजगणितांत त्यांनीं तिला सृष्टीच्या उत्पत्तिलयांनीं न बदलणाऱ्या अच्युताची उपमा दिली. ही उपमा पुढें इतकी प्रसिद्ध झाली कीं भास्कराचार्यांचें याच प्रकरणांतील दुसरें, याहून महत्त्वाचें वाक्य लोकांच्या दृष्टीआड गेलें.

तें वाक्य खहराविषयीं नसून 'खगुणा'विषयीं, म्हणजे शून्यानें गुणलेल्या राशीविषयीं आहे. एखाद्या राशीस शून्यानें गुणावयाचें आहे, पण पुढें आणखी क्रिया शिल्लक आहेत. तर तो गुणाकार लगेच उरकून राशीचें शून्य करून टाकूं नये. शून्य हें गुणक म्हणून बाजूस राखून ठेवावें. पुढें शून्यच भाजक म्हणून आलें, तर गुणक आणि भाजक परस्परांस घालवितात आणि राशि अविकृत राहते. याचें उदाहरण म्हणून 'लीलावती'त एक गमतीचा प्रश्न आहे. कोणा एका राशीस शून्यानें गुणलें, त्यांत त्याचेंच अर्ध मिळविलें, आलेल्यास तिहींनीं गुणलें आणि शून्यानें भागलें, तर त्रेसष्ट झाले. ती राशि कोणती? उत्तर चौदा. चौदा आणि त्याचें अर्ध सात मिळून एकवीस, त्याची तिप्पट त्रेसष्ट. वरचें शून्य आणि खालचें शून्य एकमेकांत उडालें.

ज्यांच्याजवळ कागद-पेन्सिल असेल त्यांनीं चौदाच्या जागीं शंभर घेऊन पाहावें. शंभरांस शून्यानें गुणलें कीं शून्य. त्यांत त्याचें अर्ध मिळविलें तरी शून्य. तिप्पट केली तरी शून्य. आणि मग शून्यास शून्यानें भागणें आलें. चौदा घेतले तरी हीच गत, पांच घेतले तरी हीच. तेव्हां खरोखरीचें शून्य धरल्यास या प्रश्नाला चौदा हें एकच उत्तर आहे असें म्हणतां येत नाहीं. परंतु शून्याच्या जागीं एखादी अतिसूक्ष्म संख्या धरावी, सहस्रांश घ्यावा, लक्षांश घ्यावा. प्रत्येक वेळीं उत्तर चौदाच येतें. ती संख्या शून्याच्या कितीही निकट गेली तरी उत्तर हालत नाहीं. प्रत्यक्ष शून्यावर मात्र प्रश्नच निरर्थक होतो.

भास्कराचार्यांच्या या नियमाविषयीं दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात. कांहीं अभिमानी लेखकांना यांत न्यूटनच्या कलनशास्त्राची संपूर्ण उत्पत्ति दिसते. तर कांहीं टीकाकार शून्यास शून्यानें छेदण्याची ढोबळ चूक म्हणून तो हंसण्यावारी नेतात. दोन्ही मतें उतावळीं आहेत. शून्य राखून ठेवावें ही सूचना करणाऱ्याला गुणाकार उरकल्यानें कांहीं तरी हरवतें हें ठाऊक होतें. या गणिताचा ग्रहगणितांत मोठा उपयोग आहे असेंही भास्कराचार्य तेथेंच सांगतात. ग्रहांची, विशेषतः चंद्राची, गति क्षणोक्षणीं बदलते. म्हणून दिवसाच्या सरासरी गतीवर न थांबतां 'तात्कालिक' गति काढावी असें त्यांनीं सिद्धान्तशिरोमणींत सांगितलें आहे. थोडें अंतर भागिले थोडा काळ, आणि दोन्हीही शून्याकडे सरकणारीं. हाच तो प्रसंग. तथापि खगुणाचा नियम आणि तात्कालिक गति यांचा सांधा त्यांनीं स्वतः कोठें जुळवून दाखविलेला नाहीं, आणि 'शून्य' व 'शून्याच्या निकटचें' यांत भेद करणारी अट लिहिलेली नाहीं. अटीवांचून नियम सांगितला, एवढी उणीव खरी.

ही उणीव अधिक जाणवते ती यामुळें, कीं अपवर्तनाला अट असते हें भास्कराचार्यांना दुसऱ्या ठिकाणीं पूर्ण अवगत होतें. अपवर्तन म्हणजे सामाईक अवयवानें वर-खालीं भाग देऊन पद लहान करणें. शब्द त्यांच्याच ग्रंथांतला. कुट्टक प्रकरणाच्या आरंभींच ते बजावतात कीं भाज्य, हार आणि क्षेप या तिघांनाही शक्य त्या संख्येनें प्रथम अपवर्तावें. मात्र भाज्य व हार ज्या संख्येनें छेदले जातात तिनें क्षेप छेदला जात नसेल, तर तें उदाहरणच दुष्ट, म्हणजे सुटण्यास अयोग्य समजावें. येथें नियम आणि त्याची मर्यादा हातांत हात घालून आलीं आहेत. शून्याच्या बाबतींत तसें झालें असतें तर!

भास्कराचार्यांच्या मागें त्यांचे ग्रंथ नुसते पोथ्यांत पडून राहिले नाहींत. चाळीसगांवाजवळील पाटण येथें, देवीच्या देवळांत, शके ११२८ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारीं ज्योतिषी होता. त्यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं तेथें मठ स्थापिला, आणि निकुंभ कुळांतील सोइदेव यानें त्यास दान दिलें, असें त्यांत कोरलेलें आहे. लेखाचा शेवटचा भाग तर जुन्या मराठींत आहे. मुंबईचे डॉ. भाऊ दाजी यांनीं १८६५ मध्यें या लेखाकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. गणिताच्या पुस्तकासाठीं मठ बांधला जावा आणि त्याचा दानलेख लोकांच्या बोलींत कोरला जावा, ही गोष्ट कोणत्याही देशाच्या इतिहासांत वारंवार आढळणारी नाहीं.

पुढच्या टीकाकारांनीं खहराचा प्रश्न सोडला नाहीं. कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञांनीं १५४५ मध्यें 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहून नियमांच्या उपपत्ति दिल्या. सतराव्या शतकाच्या आरंभास, मूळ विदर्भांतील घराण्याचे पण काशींत राहणारे कृष्ण दैवज्ञ यांनीं बीजगणितावरील टीकेंत जें स्पष्टीकरण केलें, तें हुपरीच्या टंचाच्या हिशेबाशीं ताडून पाहावें. भाजक जसजसा कमी होतो तसतसें फल वाढतें. भाजक परम कमी झाला तर फल परम वाढावयास हवें. आणि फल 'इतकें' असें सांगतां आलें तर त्याहून मोठें संभवतें, म्हणून तें परम नव्हे. १२०, ३००, १,७४० हा चढता क्रम हेंच सांगतो. 'इतकें' असें बोट ठेवतां येत नाहीं, हा विचार कृष्ण दैवज्ञांनीं शब्दांत पकडला.

युरोपांतही हा प्रवास सरळ झाला नाहीं. १७३४ मध्यें बर्कली या धर्मगुरूनें न्यूटनच्या अनुयायांवर नेमका हाच आक्षेप घेतला कीं, वाढ शून्य नाहीं असें धरून तुम्हीं तिनें भागतां, आणि भागून झालें कीं तीच शून्य मानून टाकून देतां. एकाच राशीनें दोन्ही सोंगें कशीं घ्यावीं? १७७० च्या आपल्या बीजगणितांत ऑयलरसारखा महापंडितही एकास शून्यानें भागून अनंत मिळवितो, आणि दोहोंस शून्यानें भागून त्याच्या दुप्पट अनंत. फ्रेंच गणिती कोशी यानें १८२१ मध्यें सीमेची कल्पना पक्क्या पायावर मांडली तेव्हां कोठें हा घोळ मिटूं लागला. शून्यापाशीं काय होतें आणि शून्याकडे जातांना काय होतें, हे दोन प्रश्न वेगळे झाले.

हा नवा विचार मराठींत येण्यास फार काळ लागला नाहीं. 'लीलावती'चें जॉन टेलरकृत इंग्रजी भाषांतर मुंबईंत १८१६ मध्येंच छापलें गेलें होतें, आणि पुढच्याच वर्षीं लंडनमध्यें कोलब्रुकचें. १८३२ मध्यें 'दर्पण' काढणारे आणि पुढें एल्फिन्स्टन संस्थेंत गणित शिकविणारे बाळशास्त्री जांभेकर यांनीं, ज्याला आज विकलन म्हणतात त्या शास्त्रावर मराठींत पुस्तक लिहिलें, आणि त्याचें नांव ठेवलें 'शून्यलब्धि'. लब्धि म्हणजे भागाकार. परक्या शास्त्राला नांव देतांना त्यांनीं परका शब्द उचलला नाहीं. लीलावतीच्या वाचकाला ओळखीचे असलेले दोन शब्द जोडले. बाळशास्त्री १८४६ मध्यें, पस्तिशीही न गांठतां वारले. हें नांव पुढें रूढ झालें नाहीं, आणि तें मागें पडलें याची हळहळ वाटावी इतकें तें समर्पक होतें.

आतां शाळेंतील तें उदाहरण. क्ष वर्ग उणे पांच क्ष अधिक सहा, हें अंशांत. क्ष वर्ग उणे नऊ, हें छेदांत. अंशाचे अवयव क्ष उणे दोन आणि क्ष उणे तीन. छेदाचे क्ष उणे तीन आणि क्ष अधिक तीन. सामाईक अवयव उडविला कीं वर क्ष उणे दोन आणि खालीं क्ष अधिक तीन एवढेंच राहतें. येथें क्ष बरोबर उणे तीन नसावा हें सोपविलेल्या पदावरूनही दिसतें, कारण तो छेद अजून समोर आहे. परंतु क्ष बरोबर तीन नसावा, ही दुसरी अट उडविलेल्या अवयवाबरोबर पडद्याआड गेली. सोप्या पदांत तीन घातले तर एक षष्ठांश हें भरीव उत्तर मिळतें. मूळ पदांत घातले तर शून्यास शून्यानें भागावें लागतें. म्हणून अटी नेहमीं मूळच्या छेदावरून, अपवर्तनापूर्वीं, लिहावयाच्या असतात. विद्यार्थी याउलट करितात, आणि मग एक बरोबर दोन सिद्ध करण्याच्या करामती वर्गांत सुरू होतात. त्या सर्वांत कोठें तरी लपलेल्या शून्यानें भागलेलें असतें.

उडवून टाकलेल्या अवयवांत खरोखर कांहीं जातें काय, अशी शंका येईल. त्यासाठीं पुन्हां मुशीकडे यावें. या वेळीं मूळची साठ तोळे चांदी सत्तर टंचाची नसून शंभर टंचाची, म्हणजे शुद्धच आहे, आणि तींत शुद्ध चांदी घालून अमुक एक टंच साधावयाचा आहे. हव्या असलेल्या टंचाला क्ष म्हणावें. पहिल्या रीतीप्रमाणें साठ गुणिले क्ष उणे शंभर हें वर, आणि शंभर उणे क्ष हें खालीं. दोन्ही कंस एकच, केवळ चिन्ह उलटें. त्यांना उडविलें कीं उत्तर उणे साठ, मग क्ष कांहीं का असेना. याचा अर्थ असा, कीं शुद्ध चांदीला शुद्ध चांदीनें हलक्या टंचावर आणावयाचें तर असलेली साठही तोळे मुशींतून काढून घ्यावी. म्हणजे तें होणारच नाहीं. ऐंशी, नव्वद, नव्व्याण्णव, कोणत्याही टंचासाठीं हें खरें आहे. परंतु क्ष शंभर असेल तर? शुद्ध चांदींत शुद्ध चांदी घालून शुद्धच हवी असेल तर एक तोळा घालावी, शंभर तोळे घालावी, मुळींच घालूं नये; प्रत्येक उत्तर बरोबर आहे. मूळ पद तेथें शून्य भागिले शून्य होतें, आणि तें बरोबरच होतें, कारण उत्तर एक नाहीं, हवीं तितकीं आहेत. सोपविलेलें पद मात्र त्याच जागीं उणे साठ हें उत्तर देऊन मोकळें होतें. आणि ज्या एका टंचासाठीं हें काम खरोखर करतां येतें, तोच टंच हिशेबांतून निसटतो.